डॉक्टरांकडे जाण्याआधी एआयला विचारताय? या चुका टाळा

सर्वांत मोठा घोळ प्रश्नातच होतो. "डोकं दुखतंय, ट्यूमर असेल का?" असं विचारलं की एआय ट्यूमरबद्दलच बोलत बसतं. आपण बोट दाखवू त्या दिशेनं चालत सुटायची त्याला खोडच आहे. ते वाचून धास्तावलेला माणूस डॉक्टरांसमोर बसतो आणि थेट आजाराचं नाव सांगतो. दुखणं कधी सुरू झालं, किती वेळ टिकतं, कशानं वाढतं, कशानं थांबतं, सोबत उलटी होते का किंवा धूसर दिसतं का, हे सगळं बाजूलाच राहतं. डॉक्टरांना तर नेमकं तेच हवं असतं.

म्हणून आजाराचं नाव विचारूच नका. आपला त्रास आपल्या शब्दांत, वेडावाकडा का होईना, लिहून काढा आणि खाली जोडा: "यातून तारखांच्या क्रमानं दहा ओळींचं टिपण कर. मी न लिहिलेलं काही घालू नकोस. डॉक्टर विचारतील अशी कोणती माहिती राहून गेली आहे, ते मला विचार." खरा फायदा या शेवटच्या वाक्याचा. तरीही टिपण नीट वाचून घ्या. बजावूनसुद्धा "अधूनमधून ताप" असं काहीतरी त्यात हौसेनं घुसलेलं सापडतं, आणि डॉक्टर ते तुमचंच म्हणणं समजतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. रिपोर्टचा तिरका, अंधुक फोटो घाईत टाकला. क्रिएटिनिन होतं १.१, एआयनं वाचलं ११, आणि मूत्रपिंडं कशी निकामी होत चालली आहेत ते मला अगदी मायेनं समजावून सांगितलं. टिंब फोटोत उमटलंच नव्हतं. तेव्हापासून अर्थ विचारण्याआधी एकच काम सांगायचं: चाचणीचं नाव, आकडा, एकक आणि रिपोर्टवर छापलेली सामान्य मर्यादा, एवढंच जसंच्या तसं उतरवून दे. ते कागदाशी ताडून पाहायचं, मगच पुढे जायचं. एककाकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ७ मिलिमोल प्रति लिटर, दोन्ही एकच. नुसते आकडे टाकले तर एआय एकक अंदाजानं धरतं. सामान्य मर्यादाही आपल्याच लॅबच्या कागदावरची धरा, कारण ती प्रत्येक लॅबच्या यंत्रानुसार आणि पद्धतीनुसार थोडी बदलते.

ठळक छापलेला प्रत्येक आकडा म्हणजे आजार, हा समज एआय आणखी पक्का करतं. बहुतेक चाचण्यांची मर्यादा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यापेक्षा जुने रिपोर्ट सोबत देऊन "मागच्या वेळेपेक्षा काय बदललं?" हे विचारा. चाचणीआधी काय घेत होतात तेही आठवा. केसांसाठी घेतलेलं जास्त डोसचं बायोटिन थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकवतं, आणि गोळी घेणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं.

शब्दांचे अर्थ मात्र बिनधास्त विचारा. स्कॅनच्या रिपोर्टमधलं 'अनरिमार्केबल' वाचून पोटात गोळा येतो, पण त्याचा अर्थ 'वेगळं काही आढळलं नाही' एवढाच आहे. अशा कामात एआय चांगलं चालतं.

औषधाचं ब्रँडचं नाव टाकू नका. मिळतीजुळती नावं भरपूर असतात आणि वेगवेगळ्या देशांत एकाच नावाखाली वेगळं औषधही असू शकतं. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहा. उत्तर काहीही येवो, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. फिट्सची औषधं, बरेच दिवस चाललेली स्टेरॉइड्स आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडणं धोक्याचं असतं.

फोटोतलं नाव, मोबाईल नंबर आणि रुग्ण क्रमांक कापून टाका. वय आणि लिंग राहू द्या, त्यांच्याशिवाय आकड्यांचा अर्थ लागत नाही. छातीत दाब, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, धाप लागणं यांपैकी काही असेल तर टाईप करत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

प्रत्यक्ष भेटीत "एआय म्हणतं" असं म्हणत चौदा पानांची प्रिंट पुढे करू नका. तीन प्रश्न पुरे, सर्वांत महत्त्वाचा आधी. संभाषण रेकॉर्ड करायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर बाहेर पडल्यावर लगेच, आठवतंय तोवर, लिहून काढा. मग एआयला "डॉक्टरांना काय म्हणायचं होतं?" असं विचारू नका, ते खोलीत नव्हतं. या नोंदींत काय अर्धवट आहे, एवढंच शोधायला सांगा. गोळी जेवणाआधी की नंतर हे लिहायचं राहिलं असेल, तर 'सहसा' काय असतं ते एआय सांगेल. तुमच्यासाठी काय सांगितलं होतं, ते दवाखान्यात फोन करूनच कळेल.