साथीच्या काळात छात्रांचं नेतृत्व प्रशिक्षण कसं चालू ठेवावं

व्याख्यान मोबाइलवरही होतं. हुकूम देणं आणि तो पाळून घेणं शिकायला मात्र समोर माणसं लागतात. म्हणून छात्र आले की पहिल्याच दिवशी दहा-दहा जणांचं सेक्शन पाडा. झोप, जेवण, वर्ग, मैदान, सगळं त्याच दहांत. उस्ताद म्हणजे प्रशिक्षकही ठरलेलाच ठेवा. तो दोन सेक्शनांत फिरला की वेगळं ठेवण्याला अर्थ उरत नाही.

करोनासारख्या साथीत पहिले 14 दिवस विलगीकरणाचे. ते स्क्रीनवरून नकाशावाचन आणि तोंडी ऑर्डर यांवर घालवा. ऑर्डरचा क्रम नेहमीचाच: जमीन, परिस्थिती, मिशन, अंमलबजावणी, रसद, कमांड व सिग्नल. छात्र स्क्रीनच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून वाचतात, हे गृहीत धरा. मध्येच तोडून विचारा, ‘पूल उडालाय, आता?’ खरी परीक्षा तिथून पुढे.

विलगीकरण संपलं की दर 48 तासांनी सेक्शन कमांडर बदला. इथे एक खोड हमखास लागते: तेच दहा जण रात्रंदिवस एकत्र राहून दोस्त होतात आणि हुकमाची विनंती होते. उपाय म्हणजे प्लाटून (काही सेक्शनांची मिळून तुकडी) कमांडरची नेमणूक दुसऱ्या सेक्शनमधल्या छात्राला द्या आणि त्याला फक्त वायरलेसवर बोलू द्या. चेहरा दिसत नसला की शब्द नेमके वापरावे लागतात.

कवायतीत दोन छात्रांमध्ये 6 फूट अंतर ठेवलं की सजणं, म्हणजे रांग सरळ जुळवणं, बिघडतं, कारण शेजाऱ्याच्या खांद्याचा अंदाज राहत नाही. आधीच फक्कीने खुणा पाडा. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत 13 जून 2020 चं दीक्षांत संचलन मास्क लावूनच झालं. पालकांना प्रवेश नव्हता, त्यांनी ते घरूनच थेट पाहिलं.

रायफलीवर ब्लीचचं पाणी कधीही मारू नका, पोलाद गंजतं. सॅनिटायझर तेलाचा थर काढून टाकतो. एका छात्राला एकच रायफल नंबरानिशी द्या, हात साबणाने धुवून घ्या, शेवटी रायफलीला तेल.

आजारातून उठलेल्या छात्राला डॉक्टरच्या परवानगीशिवाय पळवू नका. आधी चाल, मग हलकी दौड, पाठीवर वजन सगळ्यात शेवटी. तोवर त्याला सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या जमिनीच्या नमुन्यावर, बसवा. पळता न येणाऱ्यालाही योजना आखता येते.