बॉक्समध्ये अनोळखी भाजी आली? रेसिपीच्या आधी तिचं घराणं शोधा

शेतकऱ्याकडे अख्ख्या सीझनचे पैसे आधीच भरून दर आठवड्याला भाजीचा बॉक्स घ्यायला लागलं की एक गोष्ट पटकन कळते, या आठवड्यात काय शिजणार ते आपण नाही, शेत ठरवतं. मग एकदा नवलकोल येतो, एकदा केल म्हणजे कोबीच्या जातीची पालेभाजी, कधी मुळांच्या जटा सुटलेला सेलेरिॲक नावाचा कंद, आणि नेटवर शोधावं तर प्रत्येक रेसिपीत घरात नसलेल्या चार वस्तू निघतात. म्हणून मी आता आधी भाजीचं नाव शेतकऱ्याला विचारते आणि मग ती कुणाची नातेवाईक आहे ते बघते, कारण चुलत भावंडं बहुतेक वेळा एकाच पद्धतीने शिजतात.

पण त्याआधी एक काम बॉक्स आल्या आल्या करायचंच. बीट, सलगम, मुळा, गाजर यांचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो खालच्या कंदातलं पाणी ओढत राहतो आणि कंद लवकर मऊ पडतो. बीटला मात्र दोनेक सेंटीमीटर देठ राहू द्या म्हणजे उकडताना रंग कमी गळतो. पाला फेकू नका हं, किंचित ओलसर कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत तोच आधी संपवा.

आता घराणी. सगळ्यात मोठं कोबीचं, आणि कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, केल, नवलकोल ही सगळी खरंतर एकाच प्रजातीची रूपं आहेत. नवलकोल कंद वाटतो पण ते जमिनीच्या वर फुगलेलं खोड असतं, आणि लोकांना तो आवडत नाही याचं कारण बहुतेक वेळा साल असते, हिरव्या सालीखाली अजून एक धागेदार थर असतो तो पीलरने निघत नाही, सुरीने जाडच काढावा लागतो. तेवढं केलं की आत करकरीत, गोडसर गर, कच्चा खा नाहीतर पातळ काप करून गरम तेलात लसणावर पाच-सात मिनिटं परता. या घराण्याचा एकच नियम, जास्त वेळ उकळायचं नाही, कारण तो गंधकासारखा वास त्यातूनच येतो. केलची पानं कच्ची खायची असतील तर जाड देठ काढून मीठ, तेल, लिंबू लावून दोन-तीन मिनिटं हाताने चोळा, पान लगेच नरम पडतं.

बीटचा पाला आणि स्विस चार्ड ही पालकाची भावंडं, देठ आधी तीन-चार मिनिटं शिजवून मग पानं घाला. यांच्यात ऑक्झलेट, म्हणजे किडनी स्टोन व्हायला हातभार लावणारा घटक, भरपूर असतं, त्यामुळे किडनी स्टोनचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

सेलेरिॲक आणि फेनेलचा गड्डा गाजर-बडीशेपेच्या घराण्यातले. सेलेरिॲक चिरल्यावर काळा पडतो म्हणून लिंबाच्या पाण्यात टाका, आणि पहिल्यांदा करताय तर अर्धा सेलेरिॲक, अर्धा बटाटा असं मिसळून मॅश करा, वास सौम्य होतो. लीक कांद्याचा नातेवाईक, फक्त पदरांत माती अडकते तेव्हा उभा चिरून मगच धुवा.

कडक काहीही असो आणि सुचत नसेल तर ओव्हन. 2 सेंटीमीटरचे तुकडे, तेल-मीठ, 200 अंश सेल्सिअस, 30 ते 40 मिनिटं, आणि तुकडे एकाच थरात सुटे पसरा कारण दाटीवाटी झाली की भाजी भाजत नाही, वाफेवर शिजते.

काही भाज्यांना मात्र नातं बघून चालत नाही. रुबार्ब या आंबट भाजीचा फक्त देठ खातात, पानं विषारी असतात. भोपळा किंवा झुकिनी कडू लागली तर थुंकून पूर्ण फेकून द्या, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि त्याने खरंच आजारी पडायला होतं. जेरुसलेम आर्टिचोक हा आल्यासारखा दिसणारा कंद पहिल्यांदा थोडाच खा, त्यातल्या इन्युलिन नावाच्या न पचणाऱ्या तंतूमुळे पोटात गॅस होतो.

आणि तरी उरलंच तर पालेभाजी उकळत्या पाण्यात 2 मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात, घट्ट पिळून फ्रीझरमध्ये. कोबी-नवलकोलासाठी मला बरणी जास्त आवडते: 1 किलो किसाला 20 ग्रॅम मीठ, पाणी सुटेपर्यंत चोळायचं, बरणीत दाबून भरायचं, कीस सुटलेल्या पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. झाकण रोज एकदा सैल करून गॅस जाऊ द्या आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाखत राहा, हवा तेवढा आंबट झाला की फ्रीजमध्ये.