मुलांना जुनी गाणी ऐकवताना: निवड, आवाज आणि आठवड्याचा बेत

मुलांना जुनं काही ऐकवायचं ठरलं की मोठी माणसं आधी स्वतःच्या आवडीचं भावगीत लावतात, आणि गाडी तिथेच अडते. संथ लय आणि मोठ्यांचा विरह, त्यात सहा वर्षांच्या पोराच्या हाती काय लागणार? पहिली चार-पाच गाणी निवडताना एवढंच बघा: ठेका लवकर सुरू होतो का, ध्रुवपद दोनदा ऐकून म्हणता येतं का, आणि शब्दांत काही घडतं का. 'नाच रे मोरा' तिन्ही बाबतींत पास. १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं हे गाणं गदिमांनी लिहिलं, पु. ल. देशपांड्यांनी चाल दिली, आशा भोसले गायल्या. त्यानंतर मीना खडीकरांच्या चालीची बालगीतं घ्या. ती लहान मुलांच्याच आवाजात असल्यानं पोरं आपोआप सूर मिळवतात.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र लावू नका. त्यातून खर्ज जवळजवळ येतच नाही. तबल्यातला डग्गा गायब होतो आणि जुनं ध्वनिमुद्रण किरकिरं वाटतं. मग मुलं म्हणतात 'हे जुनाट आहे', पण दोष गाण्याचा नसतो. छोटा ब्लूटूथ स्पीकर भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवला तरी डग्गा ऐकू येतो. एप्रिल-मे मधल्या सोलापुरी दुपारी बेत टाळा. कूलरच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत न्यावा लागतो आणि शब्द तरीही कळत नाहीत. रात्री गच्चीवर, जेवणं झाल्यावर, हे बरं. हेडफोन नकोतच, सगळ्यांनी एकत्र ऐकण्यातच निम्मी गंमत आहे.

आठवड्याला एकच गाणं. रोज एकदा, फार तर दोनदा. पहिले दोन दिवस काहीच समजावू नका. तिसऱ्या दिवशी एक वाद्य शोधायला सांगा: ढोलकी कुठे थांबते, तुणतुणं कधी वाजतं. मग अवघड शब्द, तेही विचारले तरच. शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून म्हणायचं. अंतरा वर चढला की मुलं गायचं सोडून ओरडायला लागतात. पेटी असेल तर पट्टी दोन स्वर खाली घ्या, नसेल तर त्यांना नुसतं ध्रुवपद म्हणू द्या.

गीतरामायण सलग लावण्याची चूक फार होते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा ५६ गाणी आठवड्याला एक अशी वर्षभर चालली होती. आपणही तसंच घ्यावं, आणि लहानांसाठी सुरुवात 'सेतू बांधा रे सागरी'पासून करावी, म्हणजे वानरांच्या घोषात पोरांना सामील होता येतं. आधी प्रसंग गोष्टीसारखा सांगा. अभंगांसाठी पंढरपूरच्या वाटेवरची गाडी उत्तम; भीमसेन जोशींचे दोन अभंग पुरेत, तिसऱ्याला मागची सीट झोपते.

आठ-दहा वर्षांनंतर आपल्याच मातीतले शाहीर काढा. राम जोशी सोलापूरचे, अमर शेख बार्शीचे. राम जोशींची शृंगारिक लावणी या वयाला कळणारी नाही, तिथे घाई नको. अमर शेखांचा बुलंद आवाज मात्र पोरांना लगेच धरतो. घरात तेलुगू बोलत असाल तर घंटसाला, कन्नड असाल तर डॉ. राजकुमार, हेही याच यादीत यायला हवेत. आजीला येणारी गाणी मराठीच असली पाहिजेत असं थोडंच आहे!

बेत फसतो तो बहुधा फोनमुळे. गाण्याचं नाव टाकलं की रिमिक्स किंवा कुणाचं तरी नवं गायन आधी येतं, म्हणून मूळ गायकाचं नाव जोडून शोधा आणि वीस-पंचवीस गाण्यांची यादी आधीच उतरवून ठेवा. ऑटोप्ले बंद ठेवा. मूल 'दुसरं लाव' म्हणालं तर लावा, वाद घालू नका; तेच गाणं महिनाभरानं पुन्हा काढता येतं. आणि 'आमच्या वेळी कशी गाणी होती' हे वाक्य गाणं चालू असताना तरी गिळून टाका.