रुडबेकियाच्या पानांवर खालून वर चढणारे काळे डाग: शेवटी काय लागू पडलं

अमेरिकेतल्या मेरीलँडमधली परसबाग. जूनमध्ये ब्लॅक-आइड सुझनच्या (म्हणजे रुडबेकिया या फुलझाडाच्या) तळच्या पानांवर मोहरीएवढे गडद तपकिरी ठिपके; ऑगस्टपर्यंत पानं काळी पडून लोंबलेली, वर फुलं मात्र टवटवीत. हा सेप्टोरिया बुरशीचा प्रताप.

आधी जात ओळखा. पान खरखरीत, केसाळ असेल तर रुडबेकिया हिर्टा. ती दोन-तीन वर्षांची पाहुणी. गर्द हिरवी, दरवर्षी पसरणारी ती रुडबेकिया फुल्गिडा. ‘गोल्डस्टर्म’ हा वाण हिच्यातलाच, आणि डाग त्यालाच जास्त.

कडुनिंबाचं तेल, जादा पाणी, खत, सगळं वाया. वैताग नुसता.

उपयोग झाला तो या क्रमाने. नोव्हेंबरमध्ये दांडे ५ सेंमीवर कापले. गळलेलं पान न पान वेचून कचऱ्यात टाकलं, कंपोस्टमध्ये नाही. बुरशी त्यातच हिवाळा काढते. एप्रिलमध्ये गड्डे फोडून ४५ सेंमी अंतराने लावले. त्यावर ५ सेंमी आच्छादन, बुंध्यापासून चार बोटं सोडून. पाणी सकाळी, मुळाशीच. स्प्रिंकलर बंद, कारण उडणाऱ्या थेंबांबरोबर बीजाणू वर चढतात. ठिपका दिसला की पान खुडायचं, पण झाड कोरडं असतानाच. ओल्या पानांत हात घातला तर रोग आपणच पसरवतो.

यंदा ऑगस्टमध्ये डाग तळच्या दोन-तीन पानांपुरतेच.