कॅलेंडर साध्या मजकुराच्या नियोजनवहीत उतरवण्यापूर्वीची तयारी

कॅलेंडरमधील नोंदी कमांड लाइनवरून, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून, मजकुरात उतरवण्याचे प्रत्यक्ष काम दोन-तीन कमांडचे असते; त्याआधीची तयारी मात्र तेवढ्यात उरकत नाही. सर्वांत आधी मूळ नोंद कुठे राहणार, हे ठरवून टाकावे. माझ्या मते कॅलेंडर हेच मूळ मानावे आणि मजकुराची फाइल ही केवळ त्याची नक्कल समजावी. दोन्हीकडे बदल करून ते एकमेकांत मिसळण्याचा मोह होतो खरा, पण तो प्रश्न वेगळा आणि बराच अवघड आहे. नक्कल म्हटली की पुढचा निर्णय आपोआप येतो: यंत्राने तयार केलेल्या नोंदींची फाइल स्वतंत्र असावी आणि हाताने लिहिलेल्या नोंदींच्या फाइलला स्क्रिप्टने (हे काम करणाऱ्या कमांडच्या फाइलने) कधीही हात लावू नये. ऑर्ग-मोड (ईमॅक्स या संपादकातील साध्या मजकुराची नियोजनपद्धत) वापरणाऱ्यांनी यंत्राने तयार केलेली ही फाइल अजेंड्याच्या, म्हणजे तारखेनुसार नोंदी दाखवणाऱ्या दृश्याच्या, फाइलींच्या यादीत जोडली की दोन्हींतील नोंदी एकत्र दिसतात, त्यामुळे त्या एकाच फाइलीत असण्याची गरजच उरत नाही.

त्यानंतर कॅलेंडर कोणत्या दाराने बाहेर येणार, ते पाहावे. बहुतेक सेवा आयकॅलेंडर या मजकुरी स्वरूपातील (.ics) फाइल देतात. हे स्वरूप २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ५५४५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात निश्चित केलेले आहे. सेवा कॅलडॅव्ह (सर्व्हरवरील कॅलेंडर वाचण्या-लिहिण्याची ठरलेली पद्धत) समजत असेल, तर व्हीडिरसिंकर हे साधन सर्व नोंदी एकेका फाइलीच्या रूपात आपल्या फोल्डरमध्ये आणून ठेवते आणि त्या फोल्डरवरून खाल हे साधन हवी तशी यादी छापते. गूगलच्या कॅलेंडरसाठी जीकॅलक्लाय आहे. ते टॅबने विभागलेल्या रकान्यांत यादी देऊ शकते आणि अशी यादी ऑक या रकान्यांवर काम करणाऱ्या साधनाला वाचायला सोपी जाते. मॅकओएसवर तिथल्याच कॅलेंडर अ‍ॅपमधील नोंदी थेट वाचणारे साधन निवडले, तर टर्मिनलला कॅलेंडर वाचण्याची परवानगी दिली आहे का, हे आधी पाहून घ्यावे. व्हीडिरसिंकर वापरताना दूरच्या बाजूला ‘फक्त वाचन’ ही सेटिंग लावून ठेवावी, म्हणजे स्थानिक फोल्डरमध्ये चुकून काही पुसले गेले तरी मूळ कॅलेंडर सुरक्षित राहील.

पासवर्ड आणि खासगी पत्ते यांची व्यवस्था याच टप्प्यावर लावावी. काही सेवा कॅलेंडरसाठी एक गुप्त वेब-पत्ता देतात, आणि तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे कॅलेंडर वाचता येते. असा पत्ता कमांडमध्ये थेट लिहिला, तर तो शेलच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) इतिहासात राहतो आणि चालू प्रक्रियांच्या यादीतही दिसू शकतो; म्हणून तो वेगळ्या फाइलीत ठेवून ती फाइल फक्त आपल्यालाच वाचता येईल, अशी परवानगी ६०० ठेवावी. नियोजनवही गिटमध्ये (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवून कुठे पाठवत असाल, तर बैठकांच्या तपशिलात इतरांचे ईमेल पत्ते, दुवे आणि प्रवेशाचे संकेतांक असतात, हे लक्षात घेऊन तपशिलाचा भाग मुळात उतरवायचा की नाही, ते ठरवावे. मी फक्त शीर्षक, वेळ आणि ठिकाण उतरवतो.

आता सर्वांत अधिक वेळ खाणारा भाग, म्हणजे तारखा आणि वेळा. आयकॅलेंडरमध्ये वेळ तीन प्रकारे येते: शेवटी झेड हे अक्षर असलेली जागतिक प्रमाणवेळ, कालक्षेत्राचे नाव जोडलेली वेळ, आणि कोणत्याच क्षेत्राला न बांधलेली वेळ. तिन्ही प्रकार आपल्या स्थानिक वेळेत कसे यायला हवेत, हे आधी कागदावर मांडून घ्यावे. ठरावीक तास मिळवून किंवा वजा करून भागेल, असे समजू नये. ज्या क्षेत्रात उन्हाळ्यात घड्याळ पुढे केले जाते, तेथील दर आठवड्याची बैठक वर्षातून दोनदा आपल्या वहीत एका तासाने सरकायला हवी, आणि हे काम कालक्षेत्रांची माहिती असलेल्या साधनाकडेच सोपवावे.

दिवसभराच्या नोंदींचे गणित आणखी फसवे आहे. अशा नोंदीत शेवटची म्हणून लिहिलेली तारीख त्या नोंदीत धरली जात नाही. ५ तारखेचा एकच दिवस असेल, तर सुरुवात ५ आणि शेवट ६ असा लिहिलेला असतो. ऑर्ग-मोडमधील तारखांच्या पल्ल्यात मात्र शेवटचा दिवसही धरला जातो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टने तीन दिवसांची कार्यशाळा चार दिवसांची करून दाखवली होती, आणि मी चौथा दिवस मोकळा ठेवून बसलो होतो. तेव्हापासून दिवसभराच्या नोंदीतून एक दिवस वजा होतो की नाही, हे मी सर्वांत आधी तपासतो.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींबाबत एकच सल्ला आहे: त्यांचा नियम उतरवू नये, त्या नियमातून निघणाऱ्या तारखा उतरवाव्यात. ऑर्गच्या तारखेत ‘दर आठवड्याला’ असे लिहिता येते, परंतु ही पुनरावृत्ती कधी संपते, कोणत्या तारखा वगळल्या आहेत आणि कोणती एक बैठक दुसऱ्या दिवशी हलवली आहे, हे त्या खुणेत मावत नाही. त्यामुळे किती दिवसांचा पल्ला हवा, ते आधी ठरवावे. मागचे ७ आणि पुढचे ६० दिवस मला पुरतात. तेवढ्या पल्ल्यातील प्रत्येक खेप स्वतंत्र ओळ म्हणून छापावी. अनेक दिवस चालणारी नोंद खाल रोज पुन्हा दाखवते. ती एकदाच दाखवणारा ‘वन्स’ हा पर्याय आहे, पण तो मालिकेतील पहिली खेप सोडून बाकीच्याही गाळतो, म्हणून येथे तो वापरू नये. एकाच मालिकेतील सर्व खेपांची ओळख, म्हणजे यूआयडी, एकच असते. दुहेरी नोंदी गाळताना केवळ त्यावर विसंबल्यास पहिली खेप सोडून बाकी सगळ्या गळून पडतात. रद्द झालेल्या बैठका आणि आपण नाकारलेली निमंत्रणे हवीत की नकोत, तेही येथेच ठरवून टाकावे.

मराठीत शीर्षके लिहिणाऱ्यांनी एक तपासणी जास्तीची करावी. आयकॅलेंडर फाइलीतील ओळ ७५ बाइटांहून लांब नसावी, असा संकेत आहे. लांब ओळ तोडून पुढची ओळ एका रिकाम्या जागेने सुरू केली जाते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते, त्यामुळे जेमतेम बावीस-तेवीस चिन्हांनंतर शीर्षक तुटते, आणि काही साधने तर एका चिन्हाच्या मधोमधही तोडतात. ग्रेप आणि सेड या मजकूर शोधणाऱ्या व बदलणाऱ्या कमांडच्या जोरावर फाइल थेट वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अर्धे शीर्षक किंवा प्रश्नचिन्हांचे ठोकळे दिसू लागतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. तुटलेल्या ओळी आधी बाइटांच्या पातळीवर जोडाव्यात आणि मगच अक्षरे वाचावीत. स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्या आधी येणारी उलटी तिरकी रेघही काढावी लागते. तपशील उतरवणार असाल, तर त्याची प्रत्येक ओळ दोन जागा सोडून लिहावी. नाहीतर तारकाचिन्ह आणि मोकळी जागा यांनी सुरू होणारी एखादी ओळ ऑर्गमध्ये नवे शीर्षक होऊन बसते.

फाइल लिहिण्याची पद्धतही आधी पक्की करावी. कमांडचे उत्तर थेट नियोजनाच्या फाइलीत वळवले, तर कमांड सुरू होण्याआधीच शेल ती फाइल रिकामी करते. मग नेटवर्क नसले की हाती कोरी वही येते. म्हणून त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलीत लिहावे, कमांड यशस्वी झाली आणि फाइल रिकामी नाही हे पाहावे, आणि मगच तिचे नाव बदलून ती जागेवर आणावी.

पहिल्या खऱ्या उतरवणीपूर्वी सहा नोंदी निवडून ठेवाव्यात: एक साधी, एक दिवसभराची, एक अनेक दिवसांची, एक खेप हलवलेली मालिका, एक परक्या कालक्षेत्रातील आणि एक लांब मराठी शीर्षकाची. या सहा नोंदी कॅलेंडरशी डोळ्यांनी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या की बाकीच्यांची फारशी चिंता करावी लागत नाही.

क्रॉनकडे, म्हणजे ठरावीक वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या साधनाकडे, काम सोपवणे हा शेवटचा टप्पा. क्रॉनला आपल्या टर्मिनलचे वातावरण मिळत नाही. साधनांचा पूर्ण मार्ग लिहावा, लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ असल्याचे स्क्रिप्टमध्येच सांगावे आणि चुकांचे संदेश एखाद्या नोंद-फाइलीत साठवावेत. तयार झालेल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत ती कधी तयार झाली, ती तारीख आणि वेळ छापावी, म्हणजे क्रॉन गुपचूप बंद पडले असले तरी वही उघडताच ते दिसेल.