जुन्या स्प्लेंडरचा ड्रम ब्रेक, कमी खर्चात

जुन्या स्प्लेंडरला डिस्क बसवायचा खर्च मला पटत नाही. पुण्याच्या नाना पेठेतून पुढच्या चाकाचे १३० मिमीचे चांगले लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेक शू) घ्या, सोबत नव्या स्प्रिंगा आणि पुढची केबल. स्प्रिंगवर कंजुषी नको. चाक काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

खरी गंमत कॅममध्ये आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर फिरून लायनर ड्रमवर दाबणाऱ्या तुकड्यात. तो बाहेर काढून पॉलिश पेपरने घासा, ग्रीस लावा, पण नखभरच. लायनरला लागलं तर ब्रेक धरणारच नाही. ब्रेक दाबल्यावर कॅमची बाहेरची पट्टी आणि केबल काटकोनात यायला हवेत, तिथेच जोर मिळतो. एक्सलचा नट आवळताना ब्रेकचा लिव्हर दाबून धरा, म्हणजे लायनर ड्रममध्ये सारखे बसतात.

नवे लायनर सुरुवातीला कमी धरतात. सिंहगडाचा उतार लगेच नको.