बी रुजवण्यापासून नेटपॉटपर्यंत: बाल्कनीतल्या हायड्रोपोनिक्सची रोपं

सोसायटीत कुणी हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात भाज्या वाढवणं, करायचं ठरवलं की आधी पाइप, पंप, खताच्या बाटल्या घरात येतात आणि बियांचं पाकीट सगळ्यात शेवटी. मी सगळ्यांना उलटं सांगते. पहिले दोन-तीन आठवडे बाकी काही विकत घेऊ नका, फक्त रोपं करायला शिका. दणकट रोप झाकणाच्या साध्या डब्यातही फोफावतं. किरटं रोप महागड्या पाइपात बसवलं तरी किरटंच राहतं.

मी पुण्यात कोथरूडला राहते. बाल्कनी पूर्वेची आहे, सकाळचं ऊन चांगलं येतं. तिथे लेट्युस, पालक, बेझिल आणि थंडीत चेरी टोमॅटो असतात. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिते आहे.

पाकीट घेताना मागचं लेबल वाचा. उगवणक्षमतेची टक्केवारी, तपासणीची तारीख आणि वैधता त्यावर छापलेली असते. मुदत संपत आलेलं लेट्युसचं बी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, उकाड्यात त्याचा जोम फार लवकर जातो. उरलेल्या बिया घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बिया गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या असतील तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्या हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. बियाला रुजायला पाणी लागतं तितकीच हवाही लागते. मटकीला मोड आणताना आपण काय करतो? रात्रभर भिजवतो, पाणी पूर्ण निथळतो आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवतो. पाण्यातच राहू दिली तर ती आंबते. हायड्रोपोनिक्सच्या बियांचंही तेच आहे. नाव पाण्यावरच्या शेतीचं, म्हणून लोक स्पंज पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग विचारतात, बिया का कुजल्या?

पालेभाज्यांसाठी अडीच सेंटिमीटरचे स्पंजचे चौकोन सगळ्यात सोयीचे. पाण्याखाली धरून ते दोन-तीनदा पिळा म्हणजे आतली हवा निघून स्पंज सगळीकडून सारखा भिजतो. मग बाहेर काढून जादा पाणी ठिबकू द्या. ट्रेमध्ये ठेवल्यावर तळाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर पाणी असू द्या. बी उचलायला टूथपिकचं टोक ओलं करा, लेट्युसचं बारीक बी त्याला अलगद चिकटतं. एका चौकोनात दोन बिया टाका. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात.

लेट्युसचं बी खोल खुपसायचं नाही, स्पंजच्या चिरेत वरच्यावर ठेवायचं. त्याला रुजायला उजेड लागतो. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी लेट्युसच्या बियांवरच दाखवून दिलं की लाल प्रकाशाने बी रुजतं आणि त्यानंतर लगेच अतिलाल (लालच्या पलीकडचा) प्रकाश दिला तर रुजणं थांबतं. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं की लेट्युसच्या ट्रेवर काळं कापड टाकू नका. टोमॅटो आणि मिरचीला मात्र अर्धा सेंटिमीटर खाली, अंधारात चालतं.

लेट्युसची दुसरी अट गारव्याची. पंधरा ते बावीस अंशांत ते दोन-तीन दिवसांत फुटतं. पारा तिशीकडे गेला की बी जिवंत असूनही झोपून राहतं. एप्रिलमध्ये पुण्यात पाकिटाला दोष देणारे बरेच जण खरं तर उन्हाळ्याने हरलेले असतात. अशा वेळी पेरलेला ट्रे झाकणाच्या डब्यात घालून दोन दिवस फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, मग बाहेर काढून घरातल्या सर्वांत थंड पण उजेडाच्या जागी आणा. आमच्याकडे ती जागा माठाच्या तिवईखाली आहे, शेजारच्या खिडकीतून उजेडही येतो. टोमॅटो-मिरचीला याच्या उलट पंचवीस ते तीस अंशांची ऊब हवी. टोमॅटो साधारण आठवड्यात दिसतो, मिरचीला दोन आठवडे लागले तरी धीर सोडू नका.

धणे तळहाताखाली किंवा लाटण्याने हलकेच दाबून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि एका नेटपॉटमध्ये (जाळीदार छोट्या कुंडीत) सहा-आठ फाकी एकत्र टाका. आपल्या देशी पालकाचं बी गाठीसारखं असतं, एकातून दोन-तीन कोंब येऊ शकतात. तेही रात्रभर भिजवायचं.

मोठ्या रोपांसाठी मला स्पंजपेक्षा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आवडतं. फक्त वीट फुगवून लगेच वापरू नका. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार राहिलेले असतात. साध्या पाण्याने तीन-चारदा धुऊन दर वेळी पिळून घ्या. ईसी मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र) असेल तर निथळलेल्या पाण्याचं माप नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत धुवा. वापरताना मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंबाच्या मुळाभोवती पांढरी लव दिसली की नवखे लोक घाबरतात आणि बुरशी समजून सगळं फेकून देतात. थांबा, भिंग असेल तर घ्या. मुळाच्या चारी बाजूंनी सारखी, मखमलीसारखी लव असेल तर ती मूळरोमं आहेत, रोप पाणी प्यायला त्यांनीच सुरुवात करतं. बारीक फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी बियावरून स्पंजवर पसरते आणि फवाऱ्यानंतरही तशीच राहते. तो चौकोन तेवढा काढून टाका.

अंकुर वर आला की त्याच दिवशी झाकण काढा आणि उजेड द्या. यात उशीर झाला की रोप लांबट, दोऱ्यासारखं होतं आणि ते पुन्हा आखूड होत नाही. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला पुरत नाही. साधा पांढरा एलईडी दिवा वीतभर उंचीवर धरून रोज चौदा तास लावा, किंवा सकाळचं कोवळं ऊन दोन तासांपासून हळूहळू वाढवत न्या. टोमॅटोच्या अंकुरावर कधी बियाचं टरफल टोपीसारखं अडकतं. त्यावर पाण्याचा थेंब ठेवा आणि तासाभराने पाहा. ओढून काढलंत तर दलपत्रं (बियातून निघणारी पहिली जोडपानं) तुटतात.

या दिवसांतला खरा शत्रू म्हणजे रोपं कोलमडणं. देठ बुडाशी तपकिरी आणि सुतासारखा बारीक होतो आणि सकाळी उभं असलेलं रोप संध्याकाळी आडवं. पिथियमसारख्या बुरशींमुळे हे होतं, आणि कोंडलेली हवा, साचलेलं पाणी त्यांना मानवतं. पडलेलं रोप वाचत नाही. ते स्पंजसकट टाका, ट्रे धुवा, पाणी कमी करा आणि पंखा मंद ठेवून हवा खेळती ठेवा.

खत कधी? दलपत्रं उघडेपर्यंत अजिबात नाही, तोवरचं अन्न बियाच्या पोटात असतं. त्यानंतर ट्रेमध्ये साध्या पाण्याऐवजी पातळ द्रावण घाला, ईसी 0.5 ते 0.6 (मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर) आणि सामू (पीएच) 5.5 ते 6.5. कृषी सेवा केंद्रात 19:19:19 हे नत्र, स्फुरद, पालाशचं विद्राव्य खत सहज मिळतं, पण एकट्या त्यावर भागत नाही. त्यात कॅल्शियम नसतं आणि नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू त्या युरियाचं रूपांतर करतात, आपल्या डब्यात ते काम नीट होत नाही. हायड्रोपोनिक्सचं ए आणि बी असं दोन बाटल्यांचं खत घ्या. दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत कधीच ओतू नका, कॅल्शियमचा साका तळाशी बसतो. आधी पाणी, त्यात ए बाटलीतलं खत, ढवळा, मग बी बाटलीतलं. बोअरचं पाणी जड असेल तर निम्मं आरओचं मिसळा.

दलपत्रांनंतर दोन-तीन खरी पानं आली आणि मूळ स्पंजच्या तळातून बोटाच्या पेराएवढं बाहेर डोकावलं की रोप हलवायला तयार. लेट्युसला पेरणीपासून यासाठी दोन ते तीन आठवडे लागतात. पंपाशिवाय सुरुवात करायची तर हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकींची पद्धत उत्तम. झाकणाला भोकं पाडलेला अपारदर्शक डबा आणि त्यात नेटपॉट, एवढंच. द्रावण नेटपॉटच्या तळाला जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर शिवेल इतकंच भरा आणि आता ईसी 1.0 च्या आसपास न्या. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, हवेतली मुळं बुडून गुदमरतात. पाणी फारच उतरलं तर थोडंसंच घाला. रिकाम्या भोकांना बूच लावा, आपल्याकडे साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या व्हायला आठवडाही लागत नाही. स्पंजचा वरचा भागही काळ्या प्लॅस्टिकच्या चकतीने झाका, नाहीतर त्यावर हिरवं शेवाळ धरतं.

हलवणी संध्याकाळी करा. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच खत वाढवू नका. उन्हं उतरल्यावर पुन्हा बघा. पानं ताठ झाली असतील तर मुळं लागली आहेत. रात्रीपर्यंतही मलूलच असतील तर नेटपॉट उचलून मूळ पाण्याला टेकतंय का ते तपासा, आणि डबा दोन दिवस सावलीत सरकवा.